सशाला सोबत देताना



ससा भित्रा, हे आपल्याला शाळेत जाण्याआधीच शिकवलं जातं. पाठीवर पान पडलं आणि आभाळ कोसळलं म्हणून धावत सुटलेला ससा आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. घाबरट माणसाला आपण सशाचं काळीज देऊन मोकळे होतो. पण हा भित्रेपणा माणसासमोरचा, कुत्र्यामांजरासमोरचा. आपल्या जागेत अनोळखी ससा शिरला तर हाच प्राणी त्याच्या अंगावर धावून जातो, कडकडून चावतो, मागच्या पायांच्या नखांनी पोट फाडतो. म्हणून आज बोलायचं आहे ते एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाबद्दल. कुणीतरी टाकून दिलेला मोठा ससा आपण घरी आणला आणि घरात आधीच ससे असतील, तर त्यांची गाठ घालायची कशी?

हा प्रश्न येतो कुठून, तेही सांगतो. बाजारात हाताच्या ओंजळीत मावणारं पिल्लू मिळतं. मुलं हट्ट धरतात, आपण घेतो. सहा महिन्यांत ते पिल्लू राहत नाही. वायरी कुरतडतं, कोपरे ओले करतं, उचलू गेलं तर ओरबाडतं. मग एके दिवशी त्याला बागेत किंवा टेकडीवर सोडून येतात आणि ‘मोकळा केला’ म्हणून समाधानही मानतात.

इथे आपल्या भाषेचा थोडा घोटाळा आहे. रानातला आणि पाळलेला, दोघांना आपण ससाच म्हणतो. प्रत्यक्षात ते वेगळे प्राणी आहेत. आपल्या माळरानावरचा ससा बीळ करत नाही. त्याचं पिल्लू उघड्यावर, अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तो पाळता येत नाही. पाळीव ससा मूळचा युरोपातल्या स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याचं पिल्लू उघडंनागडं आणि आंधळं जन्मतं. असा पांढराशुभ्र ससा टेकडीवर सोडणं म्हणजे त्याला भटक्या कुत्र्यांच्या तोंडी देणं.

वेल्समधल्या रोनाल्ड लॉकली यांनी रानटी युरोपीय सशांचं जगणं वर्षानुवर्षं पाहून १९६४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. १९७२ साली आलेल्या ‘वॉटरशिप डाऊन’ या गाजलेल्या कादंबरीला त्याच निरीक्षणांचा आधार होता. बिळांच्या वस्तीत कुटुंबं असतात, मानपान असतात आणि हद्दी असतात, हे त्यांनी दाखवलं. या हद्दी वासाच्या असतात. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असते. तुमचा ससा खुर्चीच्या पायाला हनुवटी घासतो, तेव्हा तो लाडात आलेला नसतो. ‘ही खुर्ची माझी’ असं लिहून ठेवत असतो. आपल्याला न दिसणाऱ्या या सह्यांनी तुमची सगळी खोली भरलेली असते आणि तिथे आपण परका ससा नेऊन ठेवतो.

आमच्या घरी एक जोडी होती. तिसरा आला तो एका शाळेच्या भिंतीलगत पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडलेला, तपकिरी रंगाचा, चांगला वाढलेला नर. त्याला पाहून घरच्यांना वाटलं, दोघांत तिसरा, काय बिघडतं? माझी बायको मात्र म्हणाली, “पहले मंगनी, बादमें निकाह. घाई कशाला?” सशांच्या बाबतीत याहून नेमका सल्ला मला अजून कुणी दिलेला नाही.

पहिली पायरी म्हणजे वेगळी खोली, निदान दोन आठवडे, जमल्यास महिनाभर. कानात खपल्या आहेत का, खरूज आहे का, नाक वाहतं का, दात वाढलेत का, हे डॉक्टरांना दाखवायचं. नव्याला हात लावल्यावर हात धुऊनच जुन्यांकडे जायचं. एक गोष्ट आवर्जून सांगतो. कुत्र्यामांजरांच्या पिसवांवर फिप्रोनिल नावाचं औषध मिळतं. ते सशासाठी घातक आहे. घरात कुत्र्याची बाटली उरली आहे म्हणून ती सशावर वापरू नका.

दुसरी पायरी निर्बीजीकरणाची. नर की मादी, हे डॉक्टरांकडूनच पक्कं करून घ्यावं. विकणाऱ्याचा अंदाज पुष्कळदा चुकतो. मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. निर्बीजीकरण न झालेले नर एकत्र ठेवले तर मारामारी जवळजवळ ठरलेली. शस्त्रक्रियेनंतरही नरापासून चार ते सहा आठवडे गर्भ राहू शकतो, तेवढे दिवस त्याला वेगळंच ठेवायचं. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी त्याला माणसासारखं उपाशी ठेवायचं नसतं. सशांची सवय असलेले डॉक्टर हे आपणहून सांगतात.

तिसरी पायरी वासाची ओळख. मध्ये दोन जाळ्या, त्यांच्यात वीतभर अंतर, म्हणजे नाकाला किंवा बोटांना चावता येत नाही. याची चादर त्याच्याकडे, त्याची याच्याकडे. कोथिंबिरीची जुडी जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी ठेवायची. जाळीजवळ अंग सैल सोडून पडू लागले की समजावं, वास ओळखीचा झाला.

मग प्रत्यक्ष भेट, तीही अशा जागी जिथे दोघांपैकी कुणाचीच सही नाही. शेजाऱ्यांची गॅलरी चालेल. फरशीवर पाय घसरतात म्हणून सतरंजी अंथरा. दोन तोंडांची खोकी ठेवा, म्हणजे कुणी कोपऱ्यात अडकणार नाही. पहिली भेट दहा मिनिटांची, आणि आपण तिथेच बसायचं. थोडा पाठलाग, एखादा केसांचा पुंजका, एकानं दुसऱ्यावर चढणं, हे चालायचंच. पण कान मागे, शेपटी वर आणि एकमेकांभोवती भरभर गोल फिरणं सुरू झालं, की लगेच थांबवा. उघडा हात घालू नका. जाड टॉवेल टाका किंवा मध्ये केराची सुपली सरकवा. जुन्या जोडीवरही लक्ष हवं. तिसऱ्याच्या वासानं त्यांच्यातलंच जुनं सख्य तुटू शकतं.

काही जण एक झटपट उपाय सांगतात. दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून हिंडवा, घाबरून ते एकमेकांना चिकटतात. चिकटतात हे खरं. पण ते गाडीला घाबरून चिकटलेले असतात, गाडी थांबली की पुन्हा दोन परके ससे. भीतीनं जवळ आलेल्यांना आपण एकोप्यानं राहणारे समजतो, ही गफलत सशांपुरतीच नाही. सोबत हवी असेल, तर आधी प्रत्येकाला आपला जीव सुरक्षित आहे असं वाटावं लागतं. आम्ही तो उपाय केला नाही.

आमच्याकडे अकरा आठवडे लागले. एका दुपारी तपकिरी सशानं मान खाली घालून डोकं मादीच्या हनुवटीखाली सरकवलं आणि थोडा विचार करून तिनं त्याचं कपाळ चाटलं. सशांच्या जगात हे मोठं मानपत्र आहे. कुठे हे काही दिवसांत घडतं, कुठे महिने लागतात, कुठे घडतच नाही. नाही घडलं तरी नव्याला घराबाहेर काढायचं कारण नाही. जाळीच्या दोन बाजूंना, एकमेकांच्या नजरेत राहणं हाही शेजारच आहे.

या काळात खाण्यावर नजर ठेवा. ताणामुळे सशाचं पोट बंद पडतं. दहा-बारा तास त्यानं काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मुख्य खाणं वाळलेलं गवत. गाजर अगदी क्वचित, मिठाईसारखं. आणि एप्रिल-मेमध्ये या भेटीगाठी टाळा. तीस अंशांच्या पुढे ससा उन्हाळ्याशीच झगडत असतो.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. घ्यायचाच असेल तर बाजारातल्या पिल्लाऐवजी कुणीतरी सोडून दिलेला घ्या. फक्त आणण्यापूर्वी एक रिकामी खोली, दोन जाळ्या आणि तीन महिने आपल्या घरात आहेत का, एवढं मोजून बघा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)