दुखण्याआधीचा दवाखाना
(चऱ्होली येथे वर्षावास कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



वर्षावासात आपण विहारात जमतो, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन ऐकतो. भिक्खूला लागणाऱ्या चार आवश्यक गोष्टींत चीवर, भोजन आणि निवास यांच्या बरोबरीने औषधही आहे. अतिसाराने आजारी होऊन एकट्या पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपल्याला ठाऊक आहे. रुग्णसेवा हा धम्माचाच भाग आहे. माझे म्हणणे एवढेच की, ही सेवा माणूस अंथरुणाला खिळण्याआधी सुरू व्हावी.

माझे मामा एका कारखान्यात ओतकामावर होते. १४ एप्रिलच्या शिबिरात त्यांचा रक्तदाब जास्त निघाला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, दवाखान्यात या म्हणून सांगितले. मामांना काहीच दुखत नव्हते आणि खाडा झाला की पगार कापला जायचा. चिठ्ठी फोटोच्या मागे खोचून ठेवली ती तशीच राहिली. दोन वर्षांनी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. मामी धुण्याभांड्याला जाऊ लागल्या आणि थोरल्या मुलीचे कॉलेज सुटले. एका चिठ्ठीची ही किंमत!

बंधू-भगिनींनो, वाढलेला रक्तदाब दुखत नाही, वाढलेली साखरही दुखत नाही. वारंवार मोजून रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर येत असेल, अथवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक असेल, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. तिशीनंतर या दोन्ही तपासण्या, तसेच तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य सेवेत होते. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरच्या वर्षांत फार त्रास दिला आणि वयाच्या ६५व्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले. त्यांच्या अनुयायांनी तरी या आजाराकडे डोळेझाक करू नये.

आपले चऱ्होली गाव १९९७ साली महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. बांधकामाच्या टाक्या, पिंपे, कुंड्या यांतल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी केली तर त्याची साखळी तुटते. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गुलेन बॅरे आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. पाणी उकळून पिणे हा उपाय कोणालाही परवडणारा आहे. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लाज न बाळगता थुंकी तपासून घ्या. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ते मध्येच सोडू मात्र नये.

कोणी म्हणेल, वेळ कुठे आहे? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ठेकेदाराकडे आजही बारा-बारा तास राबणारे आपले भाऊ आहेत, हे मी जाणते. त्यांना नुसता उपदेश करून भागणार नाही. त्यासाठी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. शिबिरात ज्यांच्या तपासणीत दोष निघेल, त्यांच्या संमतीने त्यांची नावे एका वहीत नोंदवावीत आणि ते दवाखान्यात गेले की नाही हे महिन्याभराने घरी जाऊन विचारावे. ही वही चारचौघांत उघडू नये. दुसरे, महिला मंडळाने पाच-पाच भगिनींना सोबत घेऊन तपासणीला जावे. एकटी बाई संकोचते. तिसरे, रविवारच्या वंदनेनंतर विहारात रक्तदाब मोजण्याची सोय व्हावी.

विद्यार्थ्यांनो, घरी गेल्यावर आज एक काम करा. आई-वडिलांच्या जुन्या चिठ्ठ्या शोधा. फोटोमागे, डब्यात, गादीखाली कुठेतरी एखादी असेलच. ती घेऊन त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. माझ्या मामांच्या घरी ती चिठ्ठी कोणी शोधली नाही, मीही नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!