मांजराच्या पिलास सोबती हवा काय?

पुण्यामुंबईच्या एखाद्या बिऱ्हाडांत तीन महिन्यांचें मांजराचें पिलूं आणलें जातें, तेव्हां पहिले आठ दिवस कौतुकाला नुसतें भरतें येतें. पुढें चित्र पालटूं लागतें. पहांटे चार वाजतां पिलूं पडद्यावर चढतें, पांघरुणाबाहेर आलेल्या अंगठ्यावर झडप घालतें, आणि देवपूजेस उठलेल्या आजीबाईंच्या घोट्याला मिठी मारून दांत रोवतें. वार्धक्यांतली कातडी पातळ. तिला ओरखडा लवकर पडतो आणि तो सावकाश भरतो. दिवसा मिळवतीं माणसें कचेरींत, मुलें शाळेंत. म्हणजे पिलाच्या उत्साहाचा सारा भार आजीबाईंवरच. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पिलूं देऊन टाकावें. दुसरा म्हणतो, त्याला जोडीदार आणावा, म्हणजे दोन्ही आपसांत खेळतील. पहिल्या उपायाचा शेवट पुष्कळदां पिलूं रस्त्यावर येण्यांत होतो. दुसऱ्या उपायानें बारापंधरा वर्षांची आणखी एक जबाबदारी शिरावर येते. हा निर्णय घाईनें घेण्याजोगा नाहीं, हें उघड आहे.

प्रथम पिलूं करतें तरी काय, तें समजून घेतलें पाहिजे. घोट्याला चावणारें पिलूं द्वाड नसतें, कीं माणसावर डूख धरणारेंही नसतें. मांजर हा शिकारी प्राणी. दबा धरणें, पाठलाग करणें, झेप घेणें व पकडणें हा त्याच्या जन्माचा उद्योग. आणि खेळ ही त्या उद्योगाची तालीम होय. पहांट व तिन्हीसांज या त्याच्या जातीच्या मूळच्या जाग्या वेळा आहेत. त्यामुळें घर झोपेंत असतां त्याचा दिवस सुरू होतो. भावंडांशीं खेळण्यास पिलूं सुमारें चौथ्या आठवड्यापासून लागतें, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास हा खेळ ऐन भरांत असतो. त्या झोंबाझोंबींतच त्याला एक मोठें शिक्षण मिळतें. जोरानें चावलें कीं भावंड किंचाळतें व खेळ मोडतें. दांत किती लावावा, याचा विवेक असा अंगीं बाणतो. जें पिलूं पांचसहा आठवड्यांचें असतांनाच भावंडांपासून तोडलें जातें, त्याचा हा धडा अर्धाच राहतो; आणि तो गिरविण्यासाठीं त्याला माणसाचा हात किंवा घोटा तेवढा सांपडतो.

आतां मांजराला मांजराची सोबत खरोखर हवी असते काय? मांजर एकलकोंडें, ही समजूत अर्धीच खरी आहे. घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया यांतील रानमांजर. तें शिकार एकट्यानें करतें. माणसाशीं या जातीची ओळख फार जुनी. सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस येथें सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनांत माणसाशेजारीं आठेक महिन्यांचें मांजर पुरलेलें आढळलें. हा शोध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. धान्याच्या सांठ्यापाशीं उंदीर आले, उंदरांमागें मांजर आलें, आणि जेथें अन्न विपुल तेथें मांजरें एकत्र नांदूं लागलीं. मात्र अशा समूहाचा गाभा म्हणजे बहुधा आई, मुली आणि बहिणी. त्या एकमेकींना चाटतात, एकमेकींचीं पिलें पाजतात. बाहेरून आलेल्या परक्या मांजराला मात्र फिस्कारून हांकलतात. जॉन ब्रॅडशॉ या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या ‘कॅट सेन्स’ या २०१३ सालच्या ग्रंथांत हेंच विस्तारानें मांडलें आहे, कीं परक्या मांजराशीं जुळवून घेण्याची तयारी या जातींत अद्याप बेताचीच आहे. तात्पर्य, मांजराला कुटुंब मानवतें. लादलेला शेजारी मानवतोच असें नाहीं.

या भेदावरून निर्णयाची दिशा ठरते. पिलूं चार महिन्यांच्या आंतलें असेल, घर दिवसभर ओस पडत असेल, आणि दोन जिवांचें अन्न, लस व औषधपाणी यांचा खर्च झेपत असेल, तर दुसरें पिलूं आणणें बहुधा हितावह ठरतें. त्यांतही एकाच वेतांतलीं दोन भावंडें प्रथमपासूनच एकत्र आणणें सर्वांत उत्तम. तें हुकलें असल्यास जोडीदार जवळजवळ त्याच वयाचा आणि त्याच उमेदीचा पाहावा. दांडग्या पिलापुढें भित्रें पिलूं आणलें, तर आजीबाईंच्या घोट्याची जागा त्या बिचाऱ्याची मान घेते, इतकाच फरक. घरांत आधींच म्हातारें मांजर असेल, तर त्याच्या करमणुकीसाठीं लहान पिलूं आणणें म्हणजे त्याच्या विश्रांतीवर घाला होय. आणि पिलूं वर्षाचें होत आलें असेल, तर त्याचा धुडगूस आपोआप ओसरूं लागण्याची वेळ जवळ आलेली असते.

परंतु दुसरें पिलूं आणण्यापूर्वीं पंधरा दिवसांची एक कसोटी प्रत्येक घरानें घ्यावी. दिवसांतून तीनचार वेळां, दहा दहा मिनिटें, दोरीला पीस किंवा चिंधी बांधून पिलाला मनसोक्त धांवडवावें. शेवटीं शिकार त्याच्या हातीं लागूं द्यावी आणि लगेच खाऊं घालावें. शिकार, भोजन, अंग चाटणें आणि झोंप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे. यांतला एक खेळ निजण्यापूर्वीं झाला, तर पहांटेचा दंगा पुष्कळ उतरतो. हाताशीं वा पायाशीं खेळ मात्र कोणीही, मुलांनींसुद्धां, खेळूं नये. पिलानें दांत लावतांच न ओरडतां, न मारतां खेळ थांबवून उठावें. खिडकीला जाळी बसवून तिच्यापाशीं बसण्यास उंच जागा करून द्यावी. एवढ्यानें घर शांत झालें, तर उणीव सोबत्याची नव्हती, माणसांच्या वेळेची होती, असें समजावें. मांजर डोळे मिटून दूध पितें म्हणून त्याला हंसणाऱ्या घरानें आपले डोळेही या बाबतींत उघडे ठेवलेले बरे.

कसोटीनंतरही दुसरें पिलूं आणण्याचें ठरलें, तर कांहीं पथ्यें अपरिहार्य आहेत. नवें पिलूं प्रथम पशुवैद्यास दाखवावें आणि दोन आठवडे निराळ्या खोलींत ठेवावें. कारण मांजरांतील पार्वो हा जुलाब-वांतीचा रोग लस न टोंचलेल्या पिलाचा थोडक्या दिवसांत घास घेतो, आणि त्याचे जंतु जागेंत महिनोन् महिने टिकतात. त्या अवधींत दोघांच्या अंथरुणांचीं फडकीं अदलाबदल करावीं, म्हणजे दृष्टिभेटीआधीं वासाची ओळख होते. खाण्याच्या बशा वेगळ्या ठेवाव्या. रेतीच्या पेट्या दोन मांजरांस तीन असाव्या. नर-मादी सख्खीं भावंडें असलीं तरी निसर्ग नातें पाहत नाहीं. मादी चारपांच महिन्यांची असतांनाच गाभण राहूं शकते, आणि सुमारें नऊ आठवड्यांत वितें. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार वेळींच व्हावा. आपल्या देशांत रेबीजचें भय असल्यामुळें पिलूं तीन महिन्यांचें होतांच त्याची लस टोंचून घ्यावी. माणसाला दांत वा नख लागलें, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हळद भरून स्वस्थ बसूं नये.

दुसरें पिलूं हें पहिल्याचें खेळणें नव्हे. दोघांचें जमलें, तर एकमेकांच्या अंगावर डोकें टेकून निजलेलीं तीं पिलें हें घराचें भूषण आहे. पण न जमलें, तरीही तें दुसरें पिलूं आपल्या वेगळ्या खोलीसह, वेगळ्या बशीसह, बारापंधरा वर्षें त्याच घराचें राहणार. त्या दिवशींही त्याला आपलें म्हणण्याची ज्या घराची तयारी असेल, त्यानें तें खुशाल आणावें. जेथें ती नसेल, तेथें आहे त्या एका पिलाला रोज आणखी अर्धा तास देणें हाच शहाणपणाचा आणि दयेचा मार्ग होय.