यादीतले नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मासळीचा लिलाव बंद खोलीत होत नाही. तो धक्क्यावर, चारचौघांत, मोठ्याने पुकारला जातो. याचे कारण मोरा बंदरावरील बायकांना समजावून सांगावे लागत नाही. भाव साऱ्यांच्या कानी पडला म्हणजे लबाडीला जागा उरत नाही. सरकारी मदतीचेही असेच असावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पंतप्रधान किसान सन्मान निधीची योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. शेतजमीन असलेल्या पात्र कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात जमा करावयाचे, अशी ती योजना. २०२३ साली आपल्या राज्य शासनाने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ काढून तीत तेवढीच भर घातली. मध्यस्थ गेला, हे चांगलेच झाले. पण मध्यस्थ गेला म्हणून चूक आणि लबाडी गेली असे नव्हे. २०२० साली तामिळनाडूत लाखो अपात्र नावे या योजनेत घुसल्याचे उघडकीस आले; रक्कम शंभर कोटींच्या वर होती. ज्याच्या नावे शेतजमीन नाही त्याचे नाव गावच्या यादीत आले, तर ते गावकऱ्यांइतके लवकर कोण ओळखील? मात्र त्यासाठी यादी गावाने वाचली पाहिजे.

तसा कायदाही आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमात असे आहे की, अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, किती रक्कम दिली व लाभ कोणास मिळाला, हे शासनाने कोणी न मागताही आपण होऊन प्रसिद्ध करावे. एवढ्यानेही न मिळाल्यास १० रुपये भरून अर्ज करावा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. आपल्या कोळीवाड्यालाही हे लागू आहे. मासेमारी नौकांना डिझेलवरील कराचा जो परतावा मिळतो, तोही सार्वजनिक पैसाच आहे. किती मंजूर झाला, किती आला, किती थकला, हे विचारण्यात संकोच कसला?

कोणी म्हणतील, “दुसऱ्याच्या घरातल्या पैशात आपण कशाला डोकवावे?” शंका रास्त आहे. खाते क्रमांक, आधार क्रमांक चव्हाट्यावर मांडावेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. ते झाकलेलेच राहिले पाहिजेत. परंतु नाव, गाव आणि रक्कम ही करदात्यांच्या तिजोरीची बाब आहे. आणि आपण काड्यापेटी घेतो तेव्हादेखील कर भरतोच!

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. यादी वाचताना केवळ खोटे नाव शोधू नका. गळलेले नावही शोधा. हा निधी सातबाऱ्यावरील नावाच्या मागोमाग जातो. खारीच्या शेतात चिखल तुडवून लावणी करते बाई, पण उताऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे. पती वारल्यावर वारसनोंद झाली नाही, तर त्या माउलीचे नाव यादीत यावयाचे कसे? १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीस या योजनेचा लाभ नाही. परंतु वारसाने आलेल्या जमिनीस ती अट आड येत नाही. बायकोचे नाव जमिनीवर लागावे म्हणून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालविली होती. ते काम अजून पुरे झालेले नाही.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. हळदीकुंकवाला जमतो तशाच वर्षातून एकदा यादी वाचावयास जमू या. संकेतस्थळावरील गावनिहाय यादी मुली मोबाईलवर काढून देतील. ज्या भगिनीची वारसनोंद राहिली असेल, तिच्यासोबत दोघींनी तलाठी कार्यालयात जावे. एकटीला उद्या या म्हणणे सोपे असते, तिघींना तितके सोपे नसते.

कोणावर आळ घेण्यासाठी हे नव्हे. हक्काचे ज्याचे त्याला मिळावे आणि ते उजेडात मिळावे, इतकेच.