आई फडावर गेल्यावर



दसरा-दिवाळी उरकली, की बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून एकट्या पुरुषाने जाऊन भागत नाही. मग प्रश्न येतो लेकरांचा. शाळेत जाणारी मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, ती चांगली गोष्ट झाली. पण तीन वर्षांचे पोर त्यात बसत नाही. ते एकतर फडावर कोपीत राहते, नाहीतर मागे आजीच्या पदराला बांधले जाते. मला आज बोलायचे आहे ते या मागे राहिलेल्या पोराविषयी; आणि हो, त्या म्हातारीविषयीही.

पोरगं दोन दिवस रडेल, मग विसरेल, असं आपण म्हणतो. खरोखरच तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते गप्प होतं. शेजारीपाजारी म्हणतात, "शहाणं आहे हो, त्रास देत नाही." इथेच आपली फसगत होते. इंग्लंडात जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थांनी इस्पितळात ठेवलेली लहान मुले बारकाईने पाहिली. त्या काळी तिथे आईला भेटायची फारशी मुभा नसे. मूल आधी आक्रोश करी, मग निमूट होई, आणि पुढे हसू-खेळूही लागे. पण आई आली की तोंड फिरवी. परिचारिका म्हणत, मूल रुळले. रॉबर्टसन म्हणाले, हे रुळणे नव्हे, हे दुःख आत गेले आहे. १९५२ साली त्यांनी इस्पितळातल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपटच काढला. डॉक्टरमंडळी रागावली, पण १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने आईबापांना मोकळेपणाने भेटू द्यावे, अशी शिफारस केली.

आता कोणी म्हणेल, मग आईने जाऊच नये की काय? पोटासाठी जाणाऱ्या बाईला असा उपदेश करणे सोपे आहे आणि निर्दयपणाचेही आहे. पुढे १९७२ साली मायकेल रटर यांनी हा सारा विषय पुन्हा तपासला, तेव्हा एक दिलाशाची गोष्ट पुढे आली. मुलाचा जीव एकट्या आईवरच जडतो असे नाही. आजी, आत्या, मोठी बहीण, ज्या माणसाचा रोजचा भरवसा असतो, त्याच्यावरही जडतो. आई जाते हा घाव आहेच. पण मागे धरायला कोणाचा हात आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

म्हणून निघताना पोर झोपेत असताना गुपचूप निघू नका, मायबाई. सकाळी उठून आई दिसली नाही, तर ते पुढे झोपायलाच भिईल. "मी कामाला चालले, पाडव्याच्या सुमाराला येईन, तोवर आजी आहे," हे चार वेळा सांगा. रडले तर रडू द्या. आपले एखादे जुने लुगडे किंवा ओढणी मागे ठेवा; ती लगेच धुऊ नका. फोन ठरल्या वेळी करा. आणि घरच्यांनी "रडलास तर आई येणार नाही" हे वाक्य तोंडातून काढू नये. आपल्याला ती थट्टा वाटते. पोराला ते खरे वाटते.

आता अंगणवाडीच्या ताईंसाठी. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. आपल्या 'अंगणवाडी' या नावात ते अंगण आहे. कोपऱ्यात गप्प बसणारे मूल दिसले, तर त्याला रोज तीच जागा, तेच गाणे, तोच शब्द द्या. आणि एक दिवस त्याच्या अंगणात जाऊन या. आजीला विचारा, पोर झोपतं का? मग विचारा, "मावशी, तुम्ही झोपता का?" गुडघे दुखताहेत, उचलीचं ओझं डोक्यावर आहे, लेक-सून परगावी, आणि रात्रभर कडेवर पोर. तिच्या मनाचं कोण बघतं? दुपारी तासभर पोराला सांभाळायला शेजारीण मिळाली, भजनाला जाता आलं, तरी तिचा चेहरा बदलतो. तिची चिडचिड कमी झाली की पोराचीही होते.

येत असलेले बोलणे बंद झाले, खाणे सुटले, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली, आणि हे दोन-तीन आठवडे चालले, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. दृष्ट काढायची तर काढा, माझी हरकत नाही; पण तेवढ्यावर थांबू नका. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला, की दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आजीनेही फोन करावा. तो वेड्यांसाठीच आहे, असे मुळीच नाही.

हंगाम संपून आई परत येते, तेव्हा पोर आजीच्या मागे लपते. पुष्कळ आयांना ते फार लागते. "मला ओळखेना!" म्हणून त्या रडतात, एखादी रागाने ओढूनही घेते. तसे करू नका. पोर ओळखते, म्हणूनच रुसते. जवळ बसा, त्याच्या ताटातला घास खा, चार-आठ दिवस वाट पाहा. आणि आजीनेही त्या दिवसांत एकदम बाजूला होऊ नये. रात्री पोर मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजी, असे काही दिवस निजावे.