शेंदरी अळीला ‘सवय’ कशी लागली?



कपाशीच्या मुलखात एक वाक्य हमखास कानी पडते : “बोंडअळीला आता विषाची सवय झाली.” ऐकायला पटते. माणसाला तंबाखूची लागते, तशी अळीला विषाची! पण ही समजूत चुकीची आहे, आणि महागात पडणारी आहे. म्हणून आज तिचाच उलगडा करू.

आधी हकिकत पाहा. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. या झाडाच्या अंगातच विष असते. ते अळीच्या आतड्यात ठरावीक जागी चिकटते आणि अळी मरते. २००६ साली दोन विषांचे वाण आले. पण शेंदरी अळी गुजरातेत आधी पहिल्या विषाला आणि मग दोन्हींना दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात तर आपल्याकडे बोंडेच्या बोंडे किडली.

मग काय, अळी विष खाऊन खाऊन कणखर झाली? छे! विषाने मरणारी अळी मेलीच. पण असंख्य अळ्यांत एखादीच्या आतड्याची घडण जन्मतःच जरा वेगळी असते. तिथे विष चिकटतच नाही. हा फरक विषाने केलेला नव्हे, तो योगायोगाने आधीच होता. विषाने बाकीच्या तेवढ्या मारल्या. उरलेलीचा वंश वाढला.

तुम्ही नाही का ज्वारीचे टपोरे कणीस बियाण्याला राखून ठेवीत? बाकीची जात्यात जातात, राखलेल्याचा वंश शेतात उभा राहतो. माणूस निवडतो, तशी निसर्गातही निवड होते, मात्र निवडणारा कोणी नसतो, हे चार्ल्स डार्विनने १८५९ साली ग्रंथ लिहून मांडले.

आता हा गुण पिलांत उतरतो कसा? ते कोडे ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाणे लावून सोडवले आणि १८६६ साली छापले. प्रत्येक गुणाचे दोन वाटे असतात, एक आईचा, एक बापाचा. त्यांना आपण जनुके म्हणतो. कधी एक वाटा दुसऱ्याला झाकून टाकतो. झाकला जाणारा तो अप्रभावी. विषाला न जुमानण्याचा अळीचा गुण बहुतांशी असाच आहे. दोन्ही वाटे तसे असले तरच अळी जगते. एकच असला तर मरते.

बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी मिळे, ती याचसाठी बरं का! “चार ओळी अळीला कशाला चारायच्या?” म्हणून पुष्कळांनी ती लावलीच नाही. पण त्या ओळींवर साध्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग एखाद्या कणखर पतंगाशी जुळले, की पिलांना एकच वाटा मिळतो आणि ती बीटीवर मरतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी असे क्षेत्र नेमाने राखले. पुढे तिथे वांझ केलेले पतंगही सोडले. २०१८ साली त्या देशाच्या कृषी खात्याने कपाशीतून ही कीड संपल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे कणखर अळ्या आता फार झाल्या आहेत, तेव्हा नुसत्या ओळींनी भागायचे नाही. पण ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते, आणि तिची एक पिढी साधारण महिन्याभरात उरकते. फरदड दोन महिने जास्त ठेवलीत, तर निवडीच्या आणखी दोन फेऱ्या तुम्हीच घडवून आणता. म्हणून डिसेंबरअखेर पीक आवरा. पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवू नका, किडकी बोंडे नष्ट करा. आणि हे साऱ्या शिवाराने मिळून करा; पतंगाला बांध ठाऊक नसतो.

गुरुजी, हाच धडा मुलांना कपाशीच्या शेतात उभे करून शिकवता येईल. आणि पारावर कोणी पुन्हा सवयीची गोष्ट काढलीच, तर एवढेच विचारा : “मग मेलेल्या अळ्यांना ती का नाही लागली?”