मोजणी कुठून सुरू केली?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'अमेरिकेतले माझे अनुभव' हा विषय दिला होता. तिथला बर्फ आणि मराठी मंडळाचा गणपती तुम्ही बऱ्याच जणांकडून ऐकला असेल. म्हणून मी आपल्याच बॅचमधल्या एका भांडणाबद्दल बोलणार आहे. त्यातला एक पक्ष मीच होतो.

गेल्या वर्षी आमच्या व्हॉट्सॲप गटावर वाद पेटला. अमेरिकेत देशातल्या देशात जास्त धोका कोणाचा? गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या आणि सरकारविरोधी अतिउजव्यांचा, की इस्लामी अतिरेक्यांचा? मी आकडा टाकला : १२ सप्टेंबर २००१ ते २०१६ अखेर ८५ जीवघेणे हल्ले, त्यांतले ६२ अतिउजव्यांचे. म्हणजे ७३ टक्के. शाळेत माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राने उत्तर दिलं : इस्लामी अतिरेक्यांनी ११९ माणसं मारली, अतिउजव्यांनी १०६. मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालो. त्याने गट सोडला.

नंतर मी मूळ अहवाल उघडला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा, एप्रिल २०१७चा. दोन्ही आकडे त्यातच होते आणि दोन्ही बरोबर होते. मी हल्ले मोजत होतो, तो मृत माणसं. त्या ११९ पैकी ४९ माणसं ऑर्लँडोच्या एकाच नाइटक्लबमध्ये गेली होती.

वॉशिंग्टनमध्ये अशा मोजणीचं काम करणाऱ्या अनेक संस्था आहेत. त्यांना थिंक टँक म्हणतात. त्या विद्यापीठं नाहीत आणि सरकारी खातीही नाहीत. देणग्यांवर आणि अनुदानांवर चालतात, अहवाल काढतात, संसदेच्या समित्यांपुढे साक्ष देतात. त्यांचा आकडा वर्तमानपत्रात येतो, नेत्याच्या भाषणात जातो आणि शेवटी आपल्या फोनवर पोचतो. तोवर तो कसा काढला हे सांगणारी तळटीप गळून गेलेली असते.

न्यू अमेरिका ही अशीच एक संस्था. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेत अतिरेक्यांनी मारलेल्यांची ती यादी ठेवते. जून २०१५मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने ९ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. तेव्हा तिचा हिशेब छापून आला : जिहादींनी मारलेले २६, इतर अतिरेक्यांनी मारलेले ४८. त्याच डिसेंबरात सॅन बर्नार्डिनोत १४ जण मारले गेले, पुढच्या जूनमध्ये ऑर्लँडोत ४९. पारडं फिरलं. शिवाय ही मोजणी ११ सप्टेंबरनंतर सुरू होते. म्हणजे त्या दिवसाचे जवळजवळ ३००० मृत तीत नाहीत, आणि १९९५ साली ओक्लाहोमा सिटीत एका माजी सैनिकाने केलेल्या स्फोटातले १६८ही नाहीत.

सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक अँड इंटरनॅशनल स्टडीज या संस्थेने २०२०मध्ये १९९४पासूनची मोजणी केली. ८९३ हल्ले आणि कट. त्यांतले ५७ टक्के अतिउजव्यांचे. मृत मात्र अतिउजव्यांच्या हल्ल्यांत ३३५ आणि धार्मिक अतिरेक्यांच्या हल्ल्यांत ३०८६; त्यांतले २९७७ एकट्या ११ सप्टेंबरचे. उलट उजव्या विचारांच्या हेरिटेज फाउंडेशनने २०१३मध्ये '११ सप्टेंबरनंतरचे ६० कट' अशी यादी काढली. तिचा सगळा रोख इस्लामी अतिरेक्यांच्या कटांवर होता.

यात कोणी आकडे बनवले असं मी म्हणत नाही. पण कुठून मोजायचं, हल्ले मोजायचे की मृत, फसलेले कट धरायचे की नाही, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की अर्धं उत्तर ठरलेलं असतं.

आणि कोणती घटना कोणत्या खान्यात टाकायची? फेब्रुवारी २०१७मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावी, एका बारमध्ये, हैदराबादहून गेलेल्या ३२ वर्षांच्या इंजिनिअरला एका गोऱ्या माणसाने गोळ्या घातल्या. 'माझ्या देशातून चालते व्हा' असं तो ओरडला होता. त्याला हे लोक इराणी वाटले होते. संघराज्याच्या न्यायालयात खटला चालला तो द्वेषमूलक गुन्ह्याचा. याला दहशतवाद म्हणायचं का, हे यादी करणारा ठरवतो. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसातले सगळे भारतीय संध्याकाळी लवकर घरी जात होते. आम्ही कोणतीही यादी पाहून घाबरलो नव्हतो. मी माझ्या आकड्याला इतका चिकटून बसलो त्यामागे ती भीती होती, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या मित्राच्या आकड्यामागेही त्याचं काहीतरी असेल. मी विचारलं नाही.

आपल्या गणिताच्या बाई नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य द्यायच्या. 'रीत कुठाय?' म्हणायच्या. दहावीनंतर मी ती सवय सोडली, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यापायी एक मित्र दुखावला.

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. गटावर बोललो होतो ते चारचौघांत बोललो होतो, म्हणून माफीही इथेच मागतो. तुझा आकडा बरोबर होता रे. माझाही होता. जेवणाच्या वेळी शेजारी बसू, आणि या वेळी तू आधी बोल.