तोटी कोणाच्या हाती?



इराणचा नैसर्गिक वायू पाकिस्तानमार्गे भारतात आणण्याची कल्पना १९८९ साली पुढे आली. वीस वर्षे बैठका झाल्या, मंत्री बदलले आणि २००९ च्या सुमारास भारत त्यातून बाहेर पडला. दरम्यान तिला ‘शांतिवाहिनी’ असे गोड नाव मिळाले होते. नावे ठेवण्यात मुत्सद्दी कधी कंजुषी करीत नाहीत!

सुमारे पावणेतीन हजार किलोमीटरची ही वाहिनी साउथ पार्स या वायुक्षेत्रातून निघून बलुचिस्तान ओलांडणार होती. पाकिस्तानविषयीच्या अविश्वासामुळे ती बारगळली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अविश्वास साधारच होता. जानेवारी २००५ मध्ये सुई येथील वायुप्रकल्पावर हल्ला होऊन खुद्द पाकिस्तानचाच पुरवठा खंडित झाला होता. परंतु वाटाघाटींत खरी कसोटी लागली ती एका रुक्ष कलमावर. वायू भारताच्या ताब्यात कोठे यावयाचा? भारत-पाक सीमेवर, असा भारताचा आग्रह होता. तेथवरची जोखीम विक्रेत्याची. इराणला तो आपल्याच सीमेवर सोपवून मोकळे व्हावयाचे होते. म्हणजे मध्ये वायू अडला, तर भारताने पैसे मोजून हात चोळीत बसावयाचे! शिवाय दरांच्या फेरविचाराचे कलम होते, आणि पाकिस्तानचे वहनशुल्क निराळेच. रतीब लावणारी गृहिणीदेखील दूध आपल्या दारात मोजून घेते.

दुसरी बाजूही झाकता येत नाही. जुलै २००५ मध्ये अमेरिकेशी अणुसहकार्याचे निवेदन झाले. सप्टेंबरात भारताने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत इराणविरुद्ध मत दिले. जानेवारी २००६ मध्ये वाहिनीचे खंदे पुरस्कर्ते मणिशंकर अय्यर यांचे पेट्रोलियम खाते मुंबईच्या मुरली देवरांकडे गेले. या घटनांचा परस्परांशी काहीच संबंध नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. निर्णय हिताचा असेलही. पण तो आपल्या हिशेबाने झाला की दुसऱ्याच्या भुवया पाहून, हा प्रश्न स्वाभिमानी राष्ट्राला टोचावयासच हवा.

पाकिस्तानने मात्र २००९ मध्ये इराणशी करार केला. मार्च २०१३ मध्ये अहमदीनेजाद आणि झरदारी यांनी सीमेवर थाटात कामाचा प्रारंभ केला. पुढे अमेरिकी निर्बंधांच्या धाकाने पाकिस्तानी हद्दीतले काम रखडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील काळजीवाहू सरकारने मंजुरी दिली, ती सीमेपासून ग्वादरपर्यंतच्या अवघ्या ८० किलोमीटरांना.

भारताने जहाजांचा मार्ग धरला. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केलेला वायू द्रवरूप होतो व त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट घटते. २००४ पासून कतारचा असा वायू गुजरातेत दहेजला उतरू लागला. गंमत अशी की, कतारचे नॉर्थ फील्ड आणि इराणचे साउथ पार्स हे समुद्रतळाखालचे एकच क्षेत्र, केवळ सागरी सीमेने दुभागलेले! फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्षाला ७५ लाख टनांचा हा करार २०४८ पर्यंत वाढविण्यात आला. जहाज दुसऱ्या बंदराकडून मागविता येते; जमिनीत पुरलेली वाहिनी वळविता येत नाही, हा यातला मोठा लाभ. परंतु कतारच्या जहाजांना होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच बाहेर पडावे लागते, आणि तिचा उत्तर किनारा इराणचा आहे. म्हणूनच मार्च २०१८ मधील एका घटनेची नोंद घ्यावयास हवी. अमेरिकेशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारातील पहिले जहाज त्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला लागले. त्याच्या वाटेत होर्मुझ नव्हते.